खोडलेला दाखला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा एवढी एक गोष्ट मी बाजूला ठेवत आलो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सन अठ्ठावन्न. पुसदच्या एका खासगी हायस्कुलात मी कारकून होतो. तात्पुरता. दर जूनला नवा हुकूम, दर एप्रिलला धाकधूक. घरी म्हातारी आई, लग्नाच्या दोन बहिणी — पण नाही. हे सांगायला लागलो की ते कारण वाटू लागतं. राहू द्या.

आमच्याकडे पाचवीत शिरणं सोपं नव्हतं. जागा चाळीस, आणि पोरं तालुकाभरची. परीक्षा व्हायची, गुणांवर यादी लागायची. कागदावर सगळं सरळ. पण यादी तयार झाल्यापासून फळ्यावर लागेपर्यंतचे आठ-दहा दिवस असत ना, तेव्हा माझ्या खिडकीशी कोण कोण यायचं ते विचारू नका. वकिलांच्या चिठ्ठ्या, तहसीलदारांचे निरोप, कोणाच्या मळ्यातले आंबे. खोटं कशाला बोलू? आंबे मी घरी नेलेत.

त्या वर्षी एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींचा मुलगा एक्केचाळिसावा आला. शेटजींनी शाळेला दोन खोल्या बांधून द्यायचं कबूल केलं होतं. संस्थेचे सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आले, यादी चाळली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "एखाद्याच्या कागदात काही कमी निघालं, तर जागा रिकामी होते." जाता जाता माझ्या कायम होण्याचंही बघतो म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार. मी स्वतःला शहाणा समजत होतो.

चाळीसही अर्ज काढून बसलो. कागद सगळ्यांचे चोख. एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तेवढा यायचा होता. नंबर सातवा, नाव कौसल्या. बाप उकंडा, गवंडीकाम करणारा. मग मी तिचे कागद सोडून तिची माणसं बघू लागलो. वकील? नाही. पाटील? नाही. चाळिसांत जिच्यामागे कोणीच उभं नव्हतं, अशी ती एकटी होती. तिच्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवला.

दोन दिवसांनी बापलेक दाखला घेऊन आले. उकंडा शाळेच्या डागडुजीला यायचा; एरवी त्याला मी 'काय रे' म्हणायचो. सगळेच म्हणायचे, त्यात कोणाला काही वाटत नसे. मला तर नाहीच. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "या उकंडाजी, आत या. बसा." तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला. मग धोतराला लागलेला चुना झटकून बाकाच्या अगदी कडेला बसला.

दाखल्यात गावच्या मास्तरांनी जुनी जात लिहिली होती. उकंडाच्या घरानं दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"बाबूजी, हे आता आमचं नाही. खोडून बौद्ध लिहिलं तं चालन काय? जुन्या जातीची सवलत गेली तं जाऊ द्या."

नियम मला तोंडपाठ होता. खाडाखोड केलेला दाखला रद्द. अर्जात बौद्ध लिहायला काहीच अडचण नव्हती, आणि दाखल्याला मास्तरांकडून नीट दुरुस्ती करून आणणं एका दिवसाचं काम होतं. तेही मला ठाऊक होतं. मग मी काय म्हणालो?

बघा, अजून मी गोल गोल फिरतोय. मी हो म्हणालो. चालतं म्हणालो. आणि — माझ्या खिशातला पेन काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं एकच रेघ मारली. विटांना दोरी धरल्यासारखी सरळ. वर सावकाश 'बौद्ध' लिहिलं, आणि कागद लेकीपुढे धरला. ती हसली. ते हसू मला आवडलं — हो, आवडलं, आणि त्याच वेळी माझ्या मनात शेटजींच्या मुलाची जागा पक्की झाली होती. दोन्ही एका माणसात कसं मावतं, मला विचारू नका.

यादी लागली. कौसल्याचं नाव नव्हतं. दोघं हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर सरळ माणूस, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दाखला पुढे टाकून त्यांनी विचारलं, "हे खोडायला कोणी सांगितलं?" मी दारात फाईल घेऊन उभा होतो. 'मी असं बोललोच नाही' — वाक्य तोंडात तयार होतं. उकंडानं माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाही जी," तो म्हणाला. "म्याच खोडलं."

बाहेर कडुनिंबाखाली तो माझ्यासाठी थांबला होता. हळूच म्हणाला, "तुमचं नाव कायले घेऊ बाबूजी? नोकरी जाईन तुमची. तुमाले काय मालूम होतं? तुमी तं चांगल्या मनानं हो म्हणलं."

त्याला वाटलं, मला नियम माहीत नव्हता. त्याचा मान ठेवायला मी हो म्हणालो, असं तो धरून चालला होता. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी मान डोलावली. पुढच्या वर्षी या म्हणालो.

ऑगस्टात मी कायम झालो. पुढच्या जूनला ते आले नाहीत. मी चौकशी केली नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी शेटजींच्या खोल्यांचं काम निघालं. हेडमास्तरांनी मला बघायला पाठवलं. भिंतीवर उकंडा होता. आणि कौसल्या आमच्या शाळेत आली होती — डोक्यावर विटांचं घमेलं घेऊन. तिनं मला लगेच ओळखलं.

"बाबा, ते बाबूजी आले."

उकंडा परांचीवरून खाली उतरला. सिमेंटचं एक रिकामं पोतं उचललं, दोनदा झटकलं, विटांच्या ढिगावर नीट अंथरलं.

"बसा बाबूजी," तो म्हणाला.

मी बसलो.