अजून हवा आहे

ब्रेक ऑइलचा वास आला आणि मला ती दुपार आठवली. तुर्भ्याच्या गाळ्यात यांनी याच जुन्या जीपला सायलेन्सरचे रबर आणि नवे ब्रेक पाइप बसवले होते. तिकडे कोपरखैरण्याला माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते. सासऱ्याशी यांचं कधी पटलं नाही.

"ब्रेक झाले की सोडतो तुला," हे म्हणाले.

पाइपातली हवा काढायला पेडलवर माणूस लागतो. मी चांगल्या साडीत वर बसले. हे जीपखालून ओरडत होते, "दाब. धर. सोड. अजून हवा आहे." ऊन कललं, माझी पोटरी भरून आली, तरी हवा होतीच. पोचलो तेव्हा दारात तिरडी बांधत होते. इतकी वर्षं मी त्या हवेलाच शिव्या दिल्या.

आता यांची कंबर गेलीय आणि जीपला परका हात लागलेला यांना चालत नाही, म्हणून पेडलवर हे आणि खाली मी आडवी झालेय. ब्रेकला लावलेल्या नळीतून बाटलीत येणारे हवेचे बुडबुडे थोड्याच वेळात थांबले. पुढे नुसतं स्वच्छ ऑइल. खालच्या माणसाला ते लख्ख दिसतं.

"झालं का गं? गुडघा फाटतोय माझा," हे वरून कण्हले.

"अजून हवा आहे," मी म्हटलं. "दाबा."