समुद्रकाठचं घर आणि रुमालाखालचा हात

थोरले दादा परदेशात घर घेणार, ही बातमी आमच्या सिरसाळ्यात आम्हाला कळायच्या आधीच पसरली होती. त्यांचा मुलगा अमोल कोलंबियात, कॅरिबियन समुद्रावरच्या कार्ताहेना शहरात, बंदरावर नोकरीला आहे. "तुम्ही दोघं इकडंच राहायला या," हा त्याचा धोशा. दादांनी ठरवून टाकलं आणि सोबतीला मला घेतलं. निघताना वहिनी डब्यात धपाटे भरता भरता हळूच म्हणाल्या, "भाऊजी, कायबी करा, पर ह्यो सौदा मोडा. मला गाव सोडून न्हाई जायचं."

वहिनी या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचा शब्द मला खाली पडू देववत नाही आणि दादांशी खोटंही बोलवत नाही. नारायणगडावर समाधीपुढं हात जोडले आणि म्हटलं, बाबा, यातून वाट तुम्हीच काढा.

जाणाऱ्यांनी व्हिसाचं काम फार आधी हाती घ्यावं. मुंबईहून युरोपात विमान बदलून बोगोटा, तिथून कार्ताहेना. विमानतळाबाहेर आलो की दमट, खारा वारा अंगाला चिकटतो. टॅक्सीला मीटर नसतं, भाडं आधी ठरवा. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये: नारळाचा गोडसर भात आणि कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप सगळीकडे मिळतात. मक्याची जाड भाकरीही मिळते. दादांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "भाजणारीनं घाई केलीय," एवढंच बोलले.

पहिला फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. खाली निळा समुद्र. दादा गॅलरीच्या कडेकडेनं फिरले.

"बापू, हितं बांध कुठं हाय बे?"

मला संधी दिसली. "बांध नाही, दादा. त्यामुळे बांधावरून कुणाशी भांडायचीही सोय नाही."

दादांचं तोंड उतरलं. ज्या जागेवरून शेजाऱ्याला दोन शब्द सुनावता येत नाहीत ती आपली कशी? फ्लॅट गेला. मी मनात गडाकडे बघून हात जोडले.

पण दुसऱ्या दिवशी अमोलनं एक जुनं बैठं घर दाखवलं. पिवळ्या भिंती, मधे अंगण, अंगणात आंब्याचं झाड. दादा झाडाखाली उभे राहिले ते हलेचनात. माझी सगळी हुशारी संपली. मालकीण सत्तरीच्या आजी, एकट्या. (घर आवडलं तर आपल्या सातबाऱ्यासारखा तिथल्या नोंदणीचाही उतारा मिळतो, तो वकिलाकडून तपासून घ्यावा.)

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची, भाव दोघांतच राहतो. दादांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आजींच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली.

अमोल ओरडला, "दादा, अवो काय करताय!"

आजी आधी दचकल्या, मग खदखदून हसल्या. हात मात्र त्यांनी सोडला नाही. तसंच धरून काहीतरी विचारलं.

अमोल म्हणाला, "त्या विचारत्यात, बायकोला घर आवडलं का?"

"तिला काऊन विचारायचं?" दादा म्हणाले.

आजींनी हात काढून घेतला. म्हणाल्या, तिनं बघितल्याशिवाय मी भाव सांगणार नाही. अमोलनं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. पडद्यावर माझा चेहरा दिसताच वहिनींनी मोठ्यानं विचारलं, "भाऊजी, मोडला का न्हाई सौदा?"

दादा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

त्या संध्याकाळी जुन्या तटबंदीवर आम्ही तिघं बसलो. वारा छान होता. दादा म्हणाले, "तिनं मला काऊन न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणालो.

घर न घेता परतलो. अमोलकडे वर्षातून महिनाभर राहून यायचं, असं वहिनींनी ठरवलं. मला त्या शहरातला नारळाचा भात आठवतो, आजींचं हसणं आठवतं, आणि वाटतं, देवानं वाट काढली खरी, पण माझी अब्रू घेऊन.

परवा म्हैस घ्यायला निघताना दादांनी वहिनींना विचारलं, "चलतीस का?" लग्नानंतर पहिल्यांदा. वहिनी गेल्या, आणि एकूण एक म्हैस नापसंत करून आल्या. आता घाटनांदूरचा म्हशींचा व्यापारी मला फोन करून विचारतो, दादा एकटे कधी येणार?