पेटीच्या झाकणावर बोलणारा देव

मार्थाबाईशी येशू बोलायचा तो आपल्याच बोलीत. त्याला आणखी दहा भाषा येत असतील, पण मार्थाबाईला येत नव्हत्या. मग तो तरी काय करणार बिचारा!

मार्थाबाई रामाकोन्याची. तिच्या आजानं बाप्तिस्मा घेतला, बापानं मिशनच्या बागेत पाणी ओढलं, आणि ती तिसरीपर्यंत शिकली. लोधीखेड्याला दिली होती. नवरा तापात गेला, तशी ती सौसरला आली आणि हिरामणशेठच्या संत्र्याच्या वखारीत कामाला लागली. लाकडी पेटीत वाळलं गवत अंथरायचं, संत्री थरावर थर बसवायची, आणि ठोकायच्या आधी झाकणावर ब्रशानं शेठचा मार्का रंगवायचा. हात थरथरत नव्हता म्हणून ब्रश तिच्याकडे.

एका हिवाळ्यात, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास, ती गवत अंथरत होती आणि पेटीतून आवाज आला, "मार्था, मले थंडी वाजून रायली."

दुसरी असती तर ओरडत सडकेवर गेली असती. मार्थाबाईनं आणखी दोन मुठी गवत टाकलं. मग ब्रश घेऊन मार्क्याच्या खाली लिहिलं, 'तुले थंडी वाजते देवा, आन् माझ्यापाशी गवतच आहे. संत्र्याच्या अंगाले अंग लावून नीज.'

त्या दिवसापासून जवळपास प्रत्येक झाकणावर काही ना काही यायला लागलं. तिचा एकच नेम होता. तो बोलला तेवढं आणि आपण उत्तर दिलं तेवढंच लिहायचं. आपल्या पदरचा शब्द देवाच्या तोंडी घालणं म्हणजे शेजारणीच्या भाजीत न विचारता मीठ टाकणं, असं ती म्हणायची.

शेजारी बसणाऱ्या देवकाबाईला मोठी मौज वाटायची. "का व मार्था, तुझा देव पेटीत बसून कलकत्त्याले चालला का?"

"जाऊ दे न माय. त्याले कुठं तिकीट लागते!"

हिरामणशेठ मात्र तापला. माझ्या मार्क्याखाली कोणाचा मार्का, म्हणून त्यानं आरडाओरड केली. ती चार दिवस चालली असेल नसेल, तोच कलकत्त्याच्या दलालाचा फोन आला. तिकडे मराठी कोणाला वाचता येते? बाजारात सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की ज्या पेटीवर लिहिलेलं जास्त, तो माल वरच्या प्रतीचा. लांब लिहिलेल्या पेट्या हातोहात जात होत्या.

शेठ फोन ठेवून धोतराचा सोगा सावरत आला. "मार्थाबाई, आजपासून असं करायचं. मोठ्या संत्र्यावर चार ओळी, मधल्यावर दोन, आन् बारीक मालावर नुसतं आमेन."

"शेठजी, तो काय माल पाहून बोलते?"

"तर मंग दाखवत जा न त्याले!"

देवकाबाई पदर तोंडात कोंबून हसली. शेठ हसला नाही. "नाही जमलं तर ब्रश दुसरीच्या हाती देईन. मले काय, लिहिणाऱ्या पन्नास भेटतात."

मार्थाबाईनं ब्रश मांडीवर ओढून घेतला. पेटी भरायचं काम गेलं असतं तरी तिला दुसरं मिळालं असतं. पण ब्रश गेला म्हणजे उत्तर द्यायची जागा गेली. आणि खोटं लिहिलं तर पुढे बोलणारा तरी कशाला बोलेल?

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर ती फादर कुरियन यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून, आता काय करू, म्हणून विचारलं. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, म्हणून बोलायचे ते धडा वाचल्यासारखे.

"भगिनी, लिखाण तपासल्यावाचून मी काहीही सांगू शकत नाही. आजवरचं सर्व लिखाण घेऊन या."

"ते तं कलकत्त्याच्या बायांनी चुलीत घातलं असन, फादर."

फादरांनी डोळे मिटले, उघडले. "तर मग यापुढचं मी तिथेच येऊन तपासीन. मी पाहिल्यावाचून एकही पेटी जाणार नाही."

आणि खरंच आले. वखारीत एक पेटी उलटी करून बसले, चष्मा पुसला, आणि एकेक झाकण मांडीवर घेऊन अक्षर अक्षर वाचू लागले. "दे-वा, आ-ज तु-झे पा-य सु-ज-ले-ले दि-स-ता-त." बराच वेळ विचार केला. "पाय सुजण्याला धर्माची हरकत नाही. ठोका!"

असं म्हटलं की हिरामणशेठचा माणूस हातोडी मारायचा.

'तू रातभर माझ्या उशाशी बसला, चहा तरी घेतला असता' यावर फादर दुपारपर्यंत अडले. देवाला चहा चालतो की नाही! शेवटी, त्यानं घेतलेला नाही, म्हणजे प्रश्नच उरत नाही, असं ठरलं आणि पेटी ठोकली गेली.

"फादर," हिरामणशेठ रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुमचा देव तपासता तपासता माझी संत्री मऊ पडून रायली हो!"

"सत्याला वेळ लागतो."

"सत्याले लागू द्या! संत्र्याले नाही न!"

अशात एक दिवस उजाडला आणि देव बोललाच नाही. सकाळ गेली. ट्रक दारात घरघरत उभा. भरलेल्या पेट्यांची रांग भिंतीपर्यंत, झाकणं कोरी. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून थकला. मार्थाबाई ब्रश घेऊन पेटीवर कान लावून बसली होती.

"नाही का काही?" शेठनं दबकत विचारलं.

"नाही."

"खोकला बिकला तरी?"

"नाही, शेठजी."

शेठनं उदबत्ती लावली. ड्रायव्हरला भोंगा बंद करायला लावला, न जाणो त्यानंच ऐकू येत नसेल. देवकाबाई पेटीत तोंड घालून म्हणाली, "बोल न रे बाबू, दोन शब्द. बाईची नोकरी चालली."

मग तिनंही पेटीला कान लावून पाहिला. देवकाबाईच हळूच म्हणाली, "मार्था, कालचंच लिही. त्या कलकत्त्यावाल्याले काय समजते?"

"त्याले नाही. मले समजते." मार्थाबाई उठली आणि ब्रश शेठच्या हातात ठेवला. "द्या कोणाले द्यायचा तं."

शेठनं ब्रश देवकाबाईपुढे धरला. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. हातोडीवाल्या माणसापुढे धरला. त्याला एकदम हातोडी पुसायचं काम आठवलं. "आणा इकडे, मीच लिहितो!" म्हणत शेठ स्वतः उकिडवा बसला. वजनात, भावात खोटं बोलायला हा माणूस कधी भ्याला नव्हता. पण ब्रश शाईत बुडवून तो बसला तो बसलाच. शाई वाळली, पुन्हा बुडवला. कपाळावर भर थंडीत घाम. शेवटी त्यानं एका झाकणावर लिहिलं आणि मान खाली घालून फादरांच्या मांडीवर ठेवलं.

"सं-त्री ब-री आ-हे-त," फादरांनी वाचलं. समोरच्या उघड्या पेटीतलं एक संत्रं सोललं, खाल्लं. "यात काही असत्य नाही. ठोका!"

शेठनं तेच सगळ्या झाकणांवर उतरवलं आणि त्या दिवशी सगळा ट्रक 'संत्री बरी आहेत' घेऊन गेला. सगळ्या पेट्यांवर सारखंच लिहिलेलं पाहून दलालानं सारखाच भाव दिला आणि फोनवर शिव्याही दिल्या. शेठनं त्या गुपचूप ऐकल्या. मग येऊन ब्रश मार्थाबाईच्या मांडीवर टाकला. "हे घे बाई. तो बोलला तं लिही, नाही बोलला तं चहा पी. मले हे काम होत नाही, हात जड पडते."

फादर म्हणाले, आपलीही तपासणी पुरी झाली.

ब्रश परत आल्यावर तिसऱ्या दिवशी देव बोलला. बोलला तो नेमका सगळ्यात बारीक, डागी मालाच्या पेटीवर, आणि असा बोलला की मार्थाबाईला झाकण पुरेना, बाजूच्या फळ्यांवरही लिहावं लागलं. आंबट असली, डागी असली तरी माझीच आहेत, असं काहीसं होतं ते. शेठ पाहत उभा होता. ही पेटी आता कलकत्त्याला किती चढ्या भावानं जाणार, आणि ती उघडल्यावर दलाल काय बोलणार, दोन्ही त्याला दिसत होतं.

"खोडू का, शेठजी?" देवकाबाईनं विचारलं.

"हात नको लावू व!" हिरामणशेठ खेकसला, आणि हातोडी घेऊन स्वतःच खिळे ठोकायला बसला.