उंबऱ्याबाहेर मोडलेला उपवास

मैत्रिणींनो, प्लेगच्या भीतीने सावेडीच्या वसतिगृहाचा आचारी गावी निघून गेला, तेव्हापासून मुलींचा स्वयंपाक मी करते. श्रीगोंद्याच्या एकीला ताप आहे, म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय.

आज तिचं ताट तसंच परत आलं. मी दाराशी जाऊन विचारलं, "का गं, पिठलं आवडलं नाही?"

"येकटीला घास जात न्हाई, मावशी. तुमी जेवल्या का?"

"माझे नवरात्राचे उपवास आहेत."

"मग माझाबी उपास," म्हणत तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी तिचं ताट पुन्हा आत ठेवलं, माझं वाढून आणलं आणि उंबऱ्याबाहेर बसले. मी पहिला घास घेतला, तेव्हा तिने भाकरी मोडली.

संध्याकाळी घटापुढे दिवा लावला, पण देवीची क्षमा मागावीशी वाटली नाही. तुम्ही मागितली असती का?