बाहेरून लावलेली कडी

"पाय मोकळे करू द्या तिला बाई, डोकं आपसूक जाग्यावर येतं," आमच्या शाळेतल्या मावशी म्हणायच्या. म्हणताना खराटा भिंतीला टेकवायच्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या. डी.एड. मी केलं होतं, त्यांनी नव्हे. शहाणं कोण ते तुम्हीच ठरवा.

मावशी सटाण्याकडच्या. इंदिरानगरात वीस वर्षं काढली, तरी खुशीत आल्या की बोलण्यात 'आहे'चं 'शे' व्हायचंच. शाळेत कंत्राटावर होत्या.

माझ्या तिसरीत बावन्न मुलं, आणि त्यांत पूर्वा. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! पाढा अर्ध्यावर टाकून खिडकीशी जायची. तिचं लक्ष टिकत नाही, मधूनमधून हिंडू द्या, असा डॉक्टरांचा कागद तिच्या आईनं आणून दिला होता. कागद कपाटात गेला आणि पूर्वा शेवटच्या बाकावर.

मावशींनी तो कागद कधी पाहिलाही नव्हता. तास निम्मा झाला की त्या दारातून हाक मारायच्या, "पूर्वा, चल, कुंड्यांना पाणी घालू." एक चक्कर मारून पोर परत यायची आणि मुकाट्यानं वजाबाकी सोडवायची.

"पोर हुशार शे बाई. तुमचं बाक बोचतं तिला," मावशी मला चिडवायच्या. मी हसायचे.

मग तपासणीचा दिवस आला. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या पूर्वाला आज खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवा. पाहुण्यांपुढे शोभा नको." मीच तिला नेलं. चित्रकलेची वही दिली, "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं आणि बाहेरून कडी लावली. वर्ग इतका शांत, की पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. चहा झाला, फोटो झाले. आणि मी तिला विसरले. हो, चक्क विसरले.

शाळा सुटल्यावर रिक्षाकाका विचारत आले, "पूर्वा कुठंय?" मी धावत पोहोचले तेव्हा मावशींनी कडी काढली होती. पूर्वा जाजमावर बसली होती. अंगावरचा गणवेश ओला झालेला. रडत नव्हती. तीन तासांनंतरही तिचं बोट तोंडावर होतं. मावशी ते खाली घ्यायला बघत होत्या आणि ती घेऊ देत नव्हती.

मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, कुत्र्यालासुदिक आसं कोंडत नाय वो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कागद तयार होता. खोलीत मुलगी आहे की नाही हे न बघताच शिपाई मावशींनी कडी लावली, असं त्यात लिहिलं होतं. मावशींनी तो वाचून दाखवायला सांगितला, ऐकला, आणि म्हणाल्या, "मी नाय सही करायची. खोटं हाय हे." मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं.

सोमवारी फाटकावर मावशींच्या जागी दुसऱ्याच बाई होत्या.

पूर्वाची आई दाखला न्यायला आली. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, 'पालकांची विनंती'. जाताना तिनं माझा हात हातात घेतला. "त्या मावशीला काढलं ते बरं झालं. तुम्ही मात्र फार केलंत हो माझ्या पोरीसाठी."

मावशींवरच्या त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी तिला म्हणाले, "काळजी घ्या."