वाण म्हणून दिलेली पुस्तकं

चि. सुनंदा आणि चि. विवेक,

तुमच्या गावच्या लायब्ररीतल्या नाताळच्या समारंभाचा फोटो मिळाला. मेणबत्त्या, बिस्किटं, गोष्ट वाचून दाखवणाऱ्या बाई, सगळं पाहिलं. फोटोच्या मागे तुम्ही विचारलंय, "आजी, तुमच्या लायब्ररीत असं काही व्हायचं का?" व्हायचं. एकदा त्यापायी माझं काम जायची वेळ आली होती. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून टाकते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी पाटोद्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमचे बाबा दोन वर्षांचे होते. त्यानंतर मी पुण्याला राहून इंग्रजी शिकले आणि ही नोकरी धरली. शाळेखेरीज गावच्या वाचनालयात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 'बायकांची वेळ' असे, तीही मी सांभाळत होते.

वाचनालय म्हणजे एक खोली. मध्ये टेबल, भोवती वर्तमानपत्र वाचणारे पुरुष, भिंतीला एक सागवानी कपाट. मी कपाटातली पुस्तकं काढून मागच्या पडवीत मांडून बसायची. वर्षभरात चार बायका आल्या. त्यातल्या दोघी मला बघायला आल्या होत्या.

कमिटीचे अध्यक्ष एक वकील होते. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, बायकांना वाचायचंच नाही. ती पडवी पेपरवाल्यांना देऊन टाकू."

मी म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांबा."

माझी योजना अशी. संक्रांतीला वाचनालयाच्या मागच्या अंगणात हळदीकुंकू करायचं. बोलावणं वकीलीणबाईंच्या नावानं. तुम्ही तिकडे वाढलात म्हणून सांगते, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला यजमानीण काहीतरी वस्तू देते. फणी, कुंकवाची डबी, बोळकं. त्याला वाण म्हणतात. आम्ही वाण म्हणून पुस्तक द्यायचं.

तीस बायका आल्या. वकीलीणबाईंनी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ऊस आणि बोरं दिली आणि प्रत्येकीच्या ओटीत एकेक पुस्तक घातलं. मी विधवा, म्हणून पडवीच्या टोकाला रजिस्टर घेऊन बसले होते. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं ते ज्या वहीत लिहितात ते इश्यू रजिस्टर. मी नाव, नंबर, तारीख लिहिली आणि पुढच्या रकान्यात 'परत: पंधरा दिवसांत'. फार समाधान वाटलं.

पंधरा दिवस झाले. एकही पुस्तक परत आलं नाही.

सोळाव्या दिवशी मी काशीबाईंकडे गेले. त्यांचं किराणा दुकान होतं. गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी, तोंड फटकळ, आणि गावातल्या निम्म्या बायका त्यांचं ऐकणाऱ्या. त्यांची सून गौरा शाळेत माझ्या हाताखाली चार बुकं शिकलेली. तिनं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं होतं. वर हळदीकुंकू, एक झेंडूचं फूल.

"वाचलंस का?" मी विचारलं.

"दोनदा वाचलं, बाई. लई चांगलं हाय."

"मग आता परत दे."

तिचा चेहराच उतरला. काशीबाई आतून बाहेर आल्या. "वाण परत? अवो बाई, कावून असं अभद्र बोलता? दिलेलं वाण कुणी माघारी मागतंय का?"

तेव्हा मला माझी चूक कळली. वाण परत करत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी सगळा विचार रजिस्टरच्या बाजूनं केला होता. त्या दिवशी आणखी पाच घरं फिरले. सगळीकडे हेच उत्तर.

त्यातच तालीमात खात्याचं, म्हणजे शिक्षणखात्याचं पत्र आलं. मुआयना होता. साहेब रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होते. आमच्या राज्यात वाचनालय चालवायला सरकारची इजाजत लागे, आणि ती टिकणार की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरे. वकीलसाहेबांनी मला बोलावलं.

"तीस पुस्तकं गायब, आणि सरकारला न कळवता बायकांचा जमाव. साहेब काय लिहितील?"

"पुस्तकं गायब नाहीत. देव्हाऱ्यात आहेत."

"ते तुम्ही साहेबांना सांगा! मी चपराशी पाठवतो. दुकानात, शेतात, जिथं असतील तिथं या बायकांच्या नवऱ्यांना गाठून पुस्तकं आणील."

"असं केलं तर पुस्तकं येतील," मी म्हणाले, "पण बायका पुन्हा कधी येणार नाहीत. घरोघर बोलणी खातील त्या वेगळ्याच."

ते म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत बघा. नाही जमलं तर चपराशी जाईल, पडवी जाईल, आणि मग तुमच्यासाठीही तिथं काम राहणार नाही."

मी पुन्हा काशीबाईंकडे गेले. आडवळणानं बोलले नाही. मुआयना, चपराशी, पडवी, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वाण माघारी जात न्हाई. पर वाणाला वाण जातंय की. तुमी आमाला दिलं, आमी तुमाला देऊ. रथसप्तमीपतूर हळदीकुंकू चालतंय."

"मग झालंच!" गौरा म्हणाली.

काशीबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "पर तुमाला न्हाई देता येत, बाई. वाईट वाटून घिऊ नका."

"नाही वाटत," मी म्हणाले. वाटलं होतं. "वकीलीणबाईंना द्या."

"त्यांच्या घरी सुतक हाय. चुलतसासरा गेला न्हाई का परवा?"

मग काशीबाईंनी सूप खाली ठेवलं. "पुस्तकं कुणाच्या घरची? कपाटाच्या. मग कपाटालाच वाण देऊ."

गौराला हसू आवरेना. "अवो आत्याबाई, कपाट सवाष्ण कवा झालं?"

"उंबऱ्याला कुंकू लावतीस, जात्याला लावतीस, सुपाला लावतीस. त्यांच्या लग्नाला गेलतीस का तू?"

वकीलसाहेबांना हे सांगताना मला अवघड गेलं. त्यांनी एकच विचारलं, "कपाट तर आत आहे. बायका आत येतील?"

"तेवढा वेळ पुरुषांनी पेपर घेऊन बाहेर लिंबाखाली बसावं."

रथसप्तमीला दुपारी काशीबाई सगळ्यात पुढे आल्या. त्यांच्यामागे गौरा आणि मग बाकीच्या. दोघी उंबऱ्याशी अडखळल्या. काशीबाईंनी आतून हाक मारली, "या की गं! हितं काय वाघ बांधलाय?" कपाटाच्या दाराला हळद लागली, कुंकू लागलं, वर अक्षता पडल्या. प्रत्येकीनं आपलं पुस्तक फळीवर ठेवलं. मी टेबलाशी बसून नावांवर खुणा करत होते. मला कुणी कुंकू लावलं नाही आणि मीही कपाटाला लावलं नाही. तो काळ तसा होता.

गौरा मात्र पुस्तक ठेवून हलेना. फळीवर तिनं आयुष्यात पहिल्यांदा इतकी पुस्तकं एकत्र पाहिली होती. "बाई, ह्यातलं दुसरं नेता येतं का?"

"येतं. पण हे वाण नाही हं. हे इश्यू. पंधरा दिवसांत परत."

"परत आणीन की. वाण नसलं तर काय अडतंय?"

तिच्यामागे सात जणींनी पुस्तकं नेली. अठ्ठावीस परत आली होती. एक बाई माहेरी चौसाळ्याला जाताना पुस्तक घेऊन गेली होती. एकीच्या पुस्तकाची पानं वासरानं खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. लालपिवळ्या कपाटासमोर उभे राहिले. "ये क्या है, वकीलसाब?"

वकीलसाहेबांनी घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी रजिस्टर मागून घेतलं, पानं उलटली, आठ नव्या नोंदींवर बोट ठेवलं. "ये सब औरतें हैं?"

"जी, हुजूर."

त्यांनी शेरा लिहिला: इंतजाम ठीक, कपाट साफ करावं. कपाटाचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून मी चपराशाला चार दिवस दुसरी कामं देत राहिले.

या कामातून मी एवढंच शिकले. लोकांना काही द्यायचं तर त्यांच्या घरात देण्याघेण्याचा नियम काय आहे ते आधी विचारावं. आपलं रजिस्टर नंतर उघडावं.

वाचनालय आजही आहे. सागवानी कपाट मोडलं, त्याच्या जागी लोखंडी आलं. संक्रांतीला बायकांनी पुस्तकं न्यायची आणि रथसप्तमीला कपाटाला कुंकू लावून परत ठेवायची, ही रीत चालू आहे. गौराचं पत्र येतं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती लिहिते, "कपाटाला कुंकू लावायला मीही जाते, कुणी अडवत नाही."

तुमची,
आजी