बिनझाकणाचे आप्पा

आमच्या आप्पांनी उघडलेल्या वस्तूला परत झाकण लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. लोणच्याची बरणी उघडली की उघडीच. पाण्याच्या टाकीचं झाकण अंगणात, पेनाचं टोपण देवाला ठाऊक कुठे. कॉम्प्युटरची तर बातच सोडा. मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची, तिथे नवीन आलेली मुलगी पहिल्या दिवशी हमखास विचारायची, "मॅडम, यांचं ऑपरेशन चालू आहे का?" पोटातल्या वायरी बाहेर लोंबतायत, पंखा गरगर फिरतोय आणि समोरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं मात्र मुकाट उमटतायत. मी म्हणायची, "भावजी, निदान झाकण तरी लावा हो, बरं नाही दिसत." त्यावर उत्तर ठरलेलं, "आज लावा, उद्या काढा. कशापायी? तुमी दर फोडणीनंतर शेगडी पुसता काय?" पुसते, असं मी सांगायची. मग माझी कीव आल्यासारखं बघत ते पुन्हा मशिनात डोकं घालायचे.

आप्पा म्हणजे माझे धाकटे दीर. अंबाजोगाईच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न झालं नाही. चौसाळ्याला मुलगी बघायला गेले, तर पोहे येईपर्यंत त्या घरच्या टीव्हीचं मागचं झाकण काढून बसले. मुलीच्या वडिलांनी टीव्ही दुरुस्त करून घेतला आणि चार दिवसांनी नकार कळवला. सासूबाई हे सांगताना डोळ्याला पदर लावायच्या. आप्पांना विचारलं तर म्हणायचे, "टीव्ही चांगला होता, पण धूळ लई होती. ज्यांना टीव्ही सांभाळता येईना, त्यांची पोरगी मी कशाला सांभाळू?" असल्या माणसाला कोण मुलगी देणार, सांगा बरं.

तोंड तर विचारूच नका. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा आधी अपमान, मग दुरुस्ती. "हे कुणी उघडलं बे? तुझ्या मेव्हण्यानं? त्याला बैलाचे खूर कापायला ठेव." एका प्राध्यापकांना म्हणाले, "मशीन चांगलं हाय. मालक बदला." तरी लोक यायचे, शिव्या खायचे आणि चालती वस्तू घेऊन जायचे. आपल्या लोकांना गोड बोलणाऱ्या कारागिराचा भरवसाच वाटत नाही, त्याला मी तरी काय करू!

तेव्हा देश नुकताच खुला झाला होता म्हणे. आमच्याकडे तो खुलेपणा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रकमधून उतरायचा. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले की जुने भंगारात जायचे, आणि आप्पांच्या ओळखीचे ड्रायव्हर ते उचलून आणायचे. मग आप्पा एसटीने मांजरसुंब्याला जायचे आणि मॉनिटर घेऊन परत यायचे. खिडकीच्या जागेवर मॉनिटर, शेजारी आप्पा आणि दांडीला धरून ताटकळलेले म्हातारे. कंडक्टर बोलला तर म्हणायचे, "ह्याचं तिकीट फाड, पण ह्याला उठवू नको." असली लाज मी मोठ्या मनाने गिळली, कारण ती सगळी मरतुकडी मशिनं माझ्यासाठीच येत होती.

त्याचं असं झालं. माझे यजमान गेले आणि त्यांचा टायपिंगचा क्लास माझ्याकडे आला. मी आणि सासूबाई, दोघींचं पोट त्याच्यावर. पण टाइपरायटरची खटखट ऐकायला आता कोण येतंय? जो तो कॉम्प्युटर, कॉम्प्युटर करत होता. चौकात पुण्याहून आलेल्या एका सरांनी नवा कोरा क्लास थाटला होता. आत एसी, खाली गालिचा, खिडक्यांना मखमली पडदे. चपला बाहेर काढायच्या, नाहीतर म्हणे कॉम्प्युटरला व्हायरस लागतो! शिकलेली माणसं दारात चपला काढून, हात जोडल्यासारखी आत जात होती. आप्पा त्या सरांना 'थंडगार' म्हणायचे. "व्हायरस काय चिखल हाय व्हय, चपलेला लागून यायला? लोकाला उल्लू बनवूलालाय नुसता." सरही कमी नव्हते. आमच्या क्लासाला ते भंगारखाना म्हणायचे आणि तसं गावभर सांगायचे.

मला सरकारी मान्यता हवी होती. त्यासाठी चार कॉम्प्युटर चालू स्थितीत दाखवायचे होते. मान्यता नाही मिळाली तर क्लासाला टाळं, हे स्पष्ट होतं. आप्पांनी वर्षभर खपून एकाचा हात, दुसऱ्याचा पाय असं करत चार मशिनं उभी केली. तपासणी ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणि मध्ये आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, दुकानदार तराजू पुजतो. पूजा झाली की हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आप्पा दरवर्षी फिस्कारायचे, "लोखंडाला पूजा कशाला पायजे? त्याला तेल घाला." पण सासूबाई कुठल्या ऐकतात! दिसायचं कमी झालं होतं, तरी भिंत धरत धरत क्लासात गेल्या. लेकाची हत्यारं म्हणून चारही मशिनांना मनोभावे पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओल्या विभूतीची तीन-तीन बोटं ओढली. झाकण असतं तर सगळं वर राहिलं असतं. आमच्याकडे झाकण कुठलं? सगळी पूजा थेट पोटात.

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी पहिलं मशीन चालू केलं, तर फट्ट आवाज होऊन धूर निघाला. त्यांनी बाकीच्यांची बटणं न दाबता आत वाकून बघितलं आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता म्हातारीचं काही खरं नाही. जो माणूस प्राध्यापकाला सोडत नाही, तो आईला काय सोडणार! तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "काय जळलं रे आप्पा? माझ्या पूजेत काही चुकलं का?"

"काय न्हाई चुकलं आई," आप्पा म्हणाले. "लाईटच खराब हाय आपल्या गावची. तू बस."

एवढंच. मग जुना टूथब्रश आणि स्पिरिटची बाटली घेऊन खाली बसले. अक्षता चिमट्याने काढल्या, कुंकू ब्रशने झाडलं, मशिनं पालथी घालून उन्हात ठेवली. दुपारी त्यांतली तीन मशिनं जिवंत झाली. जळालेल्याचा पॉवर सप्लाय मात्र कोळसा झाला होता. बाजार बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. मला तर रडूच फुटलं. सगळ्या गावात तसला पॉवर सप्लाय फक्त थंडगार सरांकडे असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी आप्पा उठले. अंगात धुतलेला सदरा घातला, खिशात आपट्याची पानं घेतली. "चला वैनी, सोनं द्यायला जायचंय."

सर क्लासाच्या पुढच्या खोलीत झोपाळ्यावर बसले होते. आप्पांनी दाराबाहेर चपला काढल्या. सरांच्या हातात पानं ठेवून ते म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." आणि खाली वाकून पाया पडले. सर त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते हो! त्यांनी मिशीत हसत विचारलं, "काय आप्पा, भंगार कमी पडलं वाटतं?"

एरवी याच्यावर आप्पांनी त्यांच्या सात पिढ्यांची सालं काढली असती. ते म्हणाले, "व्हय सर. कमी पडलं. तुमच्यातलं एक द्या."

दसऱ्याला दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. सरांनी जिन्याखाली टाकून दिलेलं एक बंद मशीन दाखवलं. आप्पांनी ते खांद्यावर घेतलं, परत एकदा नमस्कार केला आणि निघाले. कोपरा वळला. मग म्हणाले, "ह्याच्या भंगारात बी दम न्हाई बघा. पण पॉवर सप्लाय बरा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी चारही मशिनं चालली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "यांना झाकणं का नाहीत?" आप्पा म्हणाले, "काय काय हाय ते तुमाला दिसावं म्हणून." साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मान्यता मिळाली. पुढे आमच्या दोघींच्या ताटात त्या सहीचं अन्न होतं. आप्पांनी मात्र मला शेवटपर्यंत ऐकवलं, "तुमच्यापायी त्या थंडगारच्या पाया पडलो." जेवायला बसले की हेच. मी म्हणायची, पडलात ना, आता भाजी घ्या.

दिवाळीत त्यांनी एक नवल केलं. तेलाचे रिकामे डबे कापून चारही मशिनांना झाकणं केली. त्यांवर सूर्यफुलाची चित्रं तशीच. मी विचारलं, "अहो भावजी, बरे आहात ना?" तर म्हणाले, "आता आईला काय पुजायचं ते वरून पुजू दे." सासूबाईंनी पुढच्या दोन खंडेनवम्या वरून पूजा केली आणि मग त्या गेल्या. आप्पा त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या गेले. समोर कुणाचा तरी रेडिओ उघडा पडला होता.

पुढे क्लासात नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुन्यांसाठी भंगारवाल्याला बोलावलं. पत्रा वेगळा तोलतो म्हणून तो सूर्यफुलांची झाकणं काढायला लागला. ते जळालेलं मशीन उघडलं आणि मी त्याचा हात धरला. आत सगळं स्वच्छ होतं. ब्रशने घासून घासून लख्ख केलेलं. फक्त मधल्या लोखंडी पट्टीवर विभूतीची तीन बोटं जशीच्या तशी होती. थोडी वाकडी, कारण म्हातारीला दिसत नव्हतं. आप्पांनी त्यांच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता.

मी झाकण परत लावलं, स्क्रू घट्ट केले आणि भंगारवाल्याला म्हटलं, "हे राहू दे. बाकीचं ने."